कागलच्या माळावरचे रताळे

मराठीत एखाद्याला मंदबुद्धी ठरवायचे असेल तर त्याला ‘रताळ्या’ म्हणण्याची रीत आहे. फळ्यासमोर गोंधळून उभ्या राहिलेल्या मुलाला मास्तरांनी, धाकट्या भावाला थोरल्याने आणि विनोदी नाटकातल्या एका पात्राने दुसऱ्याला ही पदवी बहाल केल्याचे आपण सर्वांनीच ऐकले आहे. बिचाऱ्या कंदाने असा कोणता अपराध केला असावा? तो बेढब आहे, मातीने माखलेला आहे, स्वस्त आहे आणि गरिबाच्या घरी पोटभर मिळतो, एवढाच त्याचा दोष दिसतो. पण आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र उजाडली की ज्यांनी वर्षभर या नावाने दुसऱ्यांना हिणवले, त्यांच्याच घरी रताळ्याचा कीस, रताळ्याची खीर आणि तुपातल्या गोड चकत्या मोठ्या सन्मानाने पानात येतात. वर्षभर अवहेलना आणि सणावारी आदर असे विचित्र नशीब घेऊन आलेल्या या कंदाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील कागल परिसर आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे. कारण सातासमुद्रापलीकडचे एक पीक आपल्या मातीत कसे रुजले आणि पुढे त्याच मातीतून मागे कसे सरत गेले, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच शिवारात पाहावयास मिळतात.

एकाचे नाव दुसऱ्याला

प्रथम नावाचा उलगडा करू. ‘रताळे’ हा शब्द संस्कृतातील ‘रक्तालु’ या शब्दापासून आला आहे. रक्त म्हणजे तांबडा आणि आलु म्हणजे कंद. परंतु ज्या काळी ‘रक्तालु’ हा शब्द रूढ होता, त्या काळी आज आपण ज्याला रताळे म्हणतो तो कंद भारतात नव्हताच. ते नाव आपल्याकडील जुन्या तांबड्या-जांभळ्या कंदाचे, म्हणजे कोनफळाच्या जातीच्या वेलाचे होते. गुजरातेत आजही ‘रताळू’ म्हटले की तो जांभळा कंदच समोर येतो, आणि आपल्या रताळ्याला तेथे ‘शक्करिया’ म्हणतात. हिंदी मुलुखात ते ‘शकरकंद’ झाले आणि कागलच्या वेशीवरून सुरू होणाऱ्या कानडी मुलुखात ‘गेणसु’ झाले. मराठी माणसाने मात्र नव्या पाहुण्याला नवे नाव शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्याने घरातल्या जुन्या माणसाचे नाव त्याला देऊन टाकले.

याहून गमतीची गोष्ट बटाट्याची आहे. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर राहणारे तैनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. सन १४९२ मध्ये कोलंबस त्या बेटांवर पोचला, तेव्हा युरोपीय लोकांना या कंदाची आणि त्याच्या या नावाची प्रथम ओळख झाली. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो कंद दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा आहे. तेथील केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’ होते. हे दोन्ही कंद युरोपात आले आणि नावांची सरमिसळ झाली. रताळ्याचे नाव पर्वतावरच्या कंदाला चिकटले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन जेरार्ड याने सन १५९७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘नेहमीचा पोटॅटो’ म्हणून वर्णन केलेला कंद म्हणजे रताळेच होय. पोर्तुगीज भाषेत दोघांचेही नाव ‘बटाटा’ राहिले. फरक दाखवण्यासाठी रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हणू लागले. पोर्तुगिजांकडून आपण अननस, काजू, पपई, तंबाखू, पाव आणि साबण हे शब्द घेतले, तसाच बटाटाही घेतला. अशा रीतीने मराठीत रताळ्याचे मूळचे अमेरिकन नाव बटाट्याकडे गेले आणि आपल्या जुन्या देशी कंदाचे नाव रताळ्याकडे आले. भाजीच्या टोपलीत शेजारी शेजारी पडलेले हे दोन कंद उसन्या नावांनी वावरत आहेत, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोघांत काडीचेही नाते नाही. बटाटा हा वांगी, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांच्या कुळातला आहे. म्हणजे कागल-निपाणी भागात ज्या तंबाखूने एके काळी शेतकऱ्याच्या घरात पैसा खेळवला, त्या तंबाखूचा तो चुलतभाऊ होय. रताळ्याचे कूळ निराळे आहे. कोकणच्या वाळूत पसरणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल आणि पाटाच्या कडेला माजणारी बेशरम ही त्याची भावंडे आहेत. रताळ्याच्या वेलाला फूल आले तर या भावंडांचे तोंडवळे लगेच जुळतात. शिवाय बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड आहे, तर रताळे हे फुगलेले मूळ आहे. म्हणून बटाट्याची लागवड डोळा असलेल्या फोडींनी होते आणि रताळ्याची वेलाच्या तुकड्यांनी.

समुद्रावरून घाटमाथ्यावर

पोर्तुगिजांनी सन १५१० मध्ये गोवा घेतला आणि सन १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली. त्यांच्या गलबतांनी ब्राझील, आफ्रिका आणि भारत यांना जोडणारा जलमार्ग रुळवला होता आणि त्या मार्गाने माणसांबरोबर बियाणेही फिरले. रताळ्याचा वेल लांबच्या प्रवासाला सोयीचा होता. बंदरात उतरवलेला एखादा कंद ओल्या मातीत पुरला की त्याला धुमारे फुटतात आणि त्या धुमाऱ्यांच्या तुकड्यांवर सारा मळा उभा राहतो. त्याला ना कलम लागते ना रोपवाटिका. अशा पिकाला पसरायला राजाज्ञेची गरज नसते. शेजारणीने शेजारणीला दिलेली मूठभर वेलाची जुडी पुरेशी होते.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रजांचा वकील सर टॉमस रो मोगल दरबारी आला होता. त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. आसफखानाने दिलेल्या एका मेजवानीचे वर्णन टेरीने लिहून ठेवले आहे आणि त्या मेजवानीत ‘पोटॅटो’ होते असे तो सांगतो. हा उल्लेख रताळ्याचाच असावा असे अभ्यासकांचे मत आहे, कारण आजचा बटाटा भारतात सर्वत्र पसरला तो पुढे इंग्रजी अमदानीत. म्हणजे कोलंबसाच्या पहिल्या सफरीनंतर सुमारे सव्वाशे वर्षांत हा कंद मोगल उमरावाच्या ताटापर्यंत गेला होता.

कागलचा मुलूख त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. गोव्याहून आणि वेंगुर्ल्याच्या बाजूने देशावर यायचे तर सह्याद्रीचे घाट चढावे लागत. रामघाट, आंबोली आणि फोंडा या बाजूंनी बैलांचे तांडे मीठ, मासळी व नारळ वर आणीत आणि धान्य, गूळ खाली नेत. रताळ्याचा वेल कागलच्या माळापर्यंत आला तो याच वाटांनी आला असावा, असे मानण्यास पिकाचा आजचा नकाशाही साथ देतो. घाटमाथ्याला लागून असलेला कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका आणि त्याला चिकटलेला बेळगावच्या पश्चिमेचा भाग हे आजही रताळ्याचे आगर आहेत. तांबडी, निचऱ्याची जमीन आणि भरपूर पाऊस यांमुळे तेथे खरिपात रताळ्याचे पीक घेतात आणि बेळगावच्या बाजारातून ते उत्तर भारतापर्यंत जाते. चंदगडहून पूर्वेकडे गडहिंग्लज आणि तेथून कागल, अशी ही साखळी आहे. पूर्वेला येत गेले की पाऊस कमी होतो, जमीन काळी होते आणि रताळ्याचे वाफे लहान होत जातात.

दुष्काळातला सोबती

जगाच्या इतिहासात रताळ्याने खरी कीर्ती मिळवली ती दुष्काळात. चीनच्या फुजियान प्रांतातील चेन झेनलोंग नावाच्या व्यापाऱ्याने सन १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरून रताळ्याचा वेल मायदेशी आणला. स्पॅनिश अधिकारी वेल बाहेर नेऊ देत नसत, म्हणून त्याने तो लपवून आणला असे तेथे सांगतात. पुढच्याच वर्षी त्या प्रांतात भाताचे पीक बुडाले आणि तेथील सुभेदाराने रताळ्याच्या लागवडीचा पुरस्कार केला. जपानमध्ये सन १७३२ च्या भीषण दुष्काळानंतर आओकी कोन्यो या विद्वानाने सन १७३५ मध्ये आजच्या टोकियोच्या परिसरात रताळ्याची प्रायोगिक लागवड केली आणि त्यावर पुस्तिका लिहिली. एक पंडित रताळ्यासाठी आपली लेखणी झिजवतो आणि लोक त्याला ‘रताळेगुरुजी’ म्हणून आदराने आठवतात! आपल्याकडे मात्र ते नाव अजून शिवीच्या रांगेत उभे आहे.

दुष्काळात हे पीक तारक ठरते याची कारणे साधी आहेत. चार महिन्यांत ते हाती येते. हलक्या जमिनीत येते. जमिनीवरचे पीक टोळ खाऊन टाकतात, गारा झोडपतात, लुटारू कापून नेतात. जमिनीखालचे रताळे मात्र बरेचदा वाचते. लागेल तेवढे खणून काढावे आणि बाकीचे काही दिवस जमिनीतच राहू द्यावे, अशी सोय त्यात आहे. माणूस कंद खातो आणि वेल जनावरांना होतो. ज्याच्या घरी कणगी नाही त्याला जमीनच कणगी होते.

कागलच्या भूमीला दुष्काळाची ओळख आहे. कागलच्या घाटगे घराण्यात दि. २६ जून १८७४ रोजी यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. तो अडीच-तीन वर्षांचा असताना सन १८७६-७७ चा महादुष्काळ दख्खनेवर कोसळला. हाच मुलगा सन १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि राजर्षी शाहू महाराज म्हणून इतिहासात अमर झाला. सन १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि दोनच वर्षांत, सन १८९६-९७ मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, कामे सुरू केली, कामावर येणाऱ्या आयांच्या मुलांची जोपासना करण्याची व्यवस्था केली. त्यांनी राधानगरीच्या धरणाचा संकल्प केला, पन्हाळ्याच्या बाजूला चहाच्या लागवडीचा प्रयोग केला, आणि कोल्हापुरात सन १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवून गुळाच्या व्यापाराला घर दिले. दुष्काळ हा आभाळाचा कोप म्हणून सोसत बसण्याऐवजी पाणी, पीक आणि बाजार यांची सांगड घालून त्याला तोंड द्यावे, हा विचार त्यामागे होता. त्या विचाराची फळे कागलने पुढे भरभरून चाखली. रताळ्याच्या नशिबी त्या फळांतून काय आले, ते पुढे पाहू.

उपवासाचे ताट

आता थोडे उपवासाविषयी. एकादशीच्या ताटाकडे इतिहासाच्या डोळ्यांनी पाहिले तर मोठे नवल वाटते. साबुदाणा आज ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. त्याचे कारखाने तमिळनाडूतील सेलम भागात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाढीस लागले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तिकडचाच, हिरवी मिरची तिकडची आणि रताळेही तिकडचेच. वरई आणि शिंगाडा सोडले तर या पवित्र ताटातील बहुतेक जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी या देशात कोणाला ठाऊकही नव्हते.

मग ते उपवासाला चालले कसे? उपवासाच्या दिवशी धान्य वर्ज्य करावे, कंदमुळे व फळे खावीत, अशी जुनी समजूत होती. अरण्यातील तपस्वी कंदमुळांवर राहत, ही प्रतिमा लोकमानसात खोल रुजलेली होती. नव्या कंदाला ‘रताळे’ हे जुन्या कंदाचे नाव आधीच मिळालेले असल्याने त्याला या पंक्तीत बसायला कोणी हरकत घेतली नाही. शास्त्राने ज्याचे नावच घेतले नाही त्याचा निषेधही केलेला नाही, असा सरळ हिशेब गृहिणींनी केला. याच्या उलट रशियातील जुन्या परंपरेच्या काही ख्रिस्ती पंथीयांनी बटाटा पवित्र शास्त्रात सांगितलेला नाही म्हणून त्याला सैतानाचे सफरचंद ठरवून नाकारले. ग्रंथातील एकाच प्रकारच्या मौनाचा अर्थ एकीकडे अनुमती असा झाला, तर दुसरीकडे बंदी असा. आमच्या मते या प्रसंगी मराठी गृहिणी रशियातील धर्मपंडितांहून शहाणी ठरली.

आपल्या कॅथलिक घरांतही रताळ्याला उपवासाचा संदर्भ आहे, पण तो निराळा. सन १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपवासाच्या नियमांची नव्याने मांडणी केली. आज राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा वर्षे पूर्ण केलेल्या आणि साठीत न पोचलेल्या प्रौढांनी उपवास करायचा व चौदा वर्षांवरील सर्वांनी मांसाहार टाळायचा असा नियम आहे. आपल्याकडे धान्य वर्ज्य नसते. एकच पूर्ण जेवण आणि मांसाचा त्याग एवढीच अट असते. प्रायश्चित्तकाळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा रब्बीची रताळी बाजारात असतात. उकडलेली रताळी आणि कोरा चहा हे त्या दिवसांतले जेवण पुष्कळ घरांना परवडते आणि मानवतेही. वसईच्या बाजूस उकडहंडीत शेंगा आणि कोनफळ यांच्या जोडीला रताळे घालतात, हे तेथील वाचकांना सांगायला नकोच.

मात्र दोन्ही परंपरांना एकच मोह आडवा येतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःविषयीच केली आहे. मांस टाळून तळलेल्या सुरमईवर ताव मारणारे आपल्यातही कमी नाहीत. यशया संदेष्ट्याने खरा उपवास कोणता हे सांगताना आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाण्यावर भर दिला आहे. त्या कसोटीवर पाहिले तर तुपात परतलेल्या रताळ्याच्या चकत्यांपेक्षा, दुष्काळातल्या मजुराच्या घरी पोरांना वाटून दिलेले उकडलेले रताळे उपवासाच्या अर्थाच्या अधिक जवळ आहे.

मळा, माळ आणि ऊस

कागल तालुक्याची जमीन दोन स्वभावांची आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या काठची जमीन काळी, कसदार आणि खोल; तर चढावरची जमीन हलकी, मुरमाड, कोठे तांबूस. नदीकाठी मळा आणि चढावर माळ. रताळ्याला माळच मानवतो. भारी काळ्या जमिनीत कंद वेडेवाकडे होतात, पाणी साचले की कुजतात. आणि खताचा, विशेषतः नत्राचा, मारा केला तर वेल माजतो आणि खाली बोटाएवढ्या मुळ्या सापडतात. अति लाडाने बिघडणारे आणि बेताच्या परिस्थितीत गोड होणारे असे हे पीक आहे.

कागलच्या शेतकरी जीवनाचे चित्र मराठी वाचकाने पाहिले ते आनंद यादवांच्या लेखनातून. ते सन १९३५ मध्ये कागललाच जन्मले. ‘गोतावळा’ ही त्यांची कादंबरी सन १९७१ ची, आणि ज्या ‘झोंबी’ला सन १९९० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले ती सन १९८७ ची. दुसऱ्याचा मळा कसणाऱ्या कुटुंबातील एका मुलाने शिक्षणासाठी दिलेली झुंज तिच्यात आहे. त्या काळचे शिवार मोटेच्या पाण्यावर चालत असे. विहिरीत पाणी किती आणि बैलांच्या अंगात बळ किती, यावर ओलिताचे क्षेत्र ठरे. अशा शेतीत एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी असावे म्हणून शेतकरी ज्वारी, भुईमूग, मिरची आणि भाजीपाला यांच्या पट्ट्या लावी आणि एखादा तुकडा रताळ्यालाही देई.

मोटेची जागा इंजिनाने आणि पुढे विजेच्या पंपाने घेतली. नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले. दूधगंगेवर काळम्मावाडीचे आणि वेदगंगेवर पाटगावचे धरण झाले, आणि पाणीपुरवठा संस्थांनी नळ टाकून नदीचे पाणी माळावर चढवले. पाण्यामागोमाग ऊस चढला. कागलचा शाहू कारखाना, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा कारखाना, हमीदवाड्याचा मंडलिक कारखाना यांनी शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक दिले. या बदलाची कोणी निंदा करू नये. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भाकरीची भ्रांत होती, त्या घरात पक्की भिंत आली, मुलगी कॉलेजात गेली, ती उसामुळे गेली. रताळे विकून कोणाचे घर बांधून झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू मांडली पाहिजे. ऊस बारा ते अठरा महिने जमीन अडवून बसतो. रताळे चार महिन्यांत जमीन मोकळी करते. ऊस कारखान्यासाठी असतो, त्यातले घरच्या ताटात काही येत नाही. भुईमूग, मिरची आणि रताळे यांच्या पट्ट्या गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर घरच्या बाईच्या हातातली एक सत्ता गेली. उसाचे बिल बँकेत घरधन्याच्या नावावर जमा होते. बांधावरची रताळी मात्र तिची होती. ती उकडायची, वाटायची की पाटीत घालून बाजारात न्यायची, हे तीच ठरवी. सन २०१९ आणि सन २०२१ च्या महापुरांनी नदीकाठचा ऊस पाण्याखाली घातला, तेव्हा एकाच पिकावर सारे घर टांगण्यातला धोकाही दिसून आला. माळाच्या काही भागावर आता पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. तरुणांना तिने रोजगार दिला. पण रताळ्याला मानवणारी जमीन तेवढी कमी झाली, हेही खरेच.

सरीपासून चुलवाणापर्यंत

हे पीक कसे घेतात हे शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जमीन भुसभुशीत करून सरी-वरंबे पाडतात. वेलाच्या शेंड्याकडील वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे वरंब्यावर लावतात. मधले डोळे मातीत आणि दोन्ही टोके बाहेर अशीही लावण करतात. दोन वरंब्यांत साधारण ६० सेंटिमीटर आणि दोन तुकड्यांत २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवतात. खरिपाची लावण जून-जुलैत आणि रब्बीची ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. वेल पसरू लागला की तो अधूनमधून उचलून उलटावा लागतो. नाहीतर प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटून पोसणारी शक्ती वाटली जाते आणि मुख्य कंद बारीक राहतात. सोंड्या किडीपासून जपावे लागते. ती कंद पोखरते आणि तो कडू होतो. पाने पिवळी पडू लागली की एक कंद कापून पाहतात. कापावरचा चीक तसाच स्वच्छ वाळला तर पीक तयार. हिरवट-काळा पडला तर अजून थांबायचे. ही परीक्षा शेतकऱ्याची आहे आणि कृषी विद्यापीठाच्या पुस्तकातही तीच दिली आहे.

काढल्याबरोबर खाल्लेले रताळे फारसे गोड लागत नाही. चार-आठ दिवस ठेवले की त्यातल्या पिष्टाची थोडी थोडी साखर होते. शिजवतानाही हेच घडते. रताळ्यात पिष्ट फोडून साखर करणारे एक द्रव्य असते. ते साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियस उष्णतेला जोमाने काम करते आणि त्याहून अधिक तापले की नष्ट होते. म्हणून खदखदत्या पाण्यात घाईने उकडलेल्या रताळ्यापेक्षा राखेखालच्या निखाऱ्यात हळूहळू भाजलेले रताळे कितीतरी गोड होते. आजीचे ‘दमानं भाज’ हे सांगणे रसायनशास्त्राला धरून होते.

कोल्हापूरच्या मुलुखात असे भाजण्याची उत्तम जागा म्हणजे गुऱ्हाळ. उसाची चिपाडे घालून जळव्या चुलवाण पेटता ठेवी, वर काहिलीत रस उकळत असे आणि गुळव्या मळी काढीत उभा असे. चुलवाणाच्या तोंडाशी रव्यात पुरलेली रताळी, किंवा हौस असेल तर काहिलीतल्या रसात सोडून शिजवलेली रताळी, हा गुऱ्हाळावर आलेल्या पोराटोरांचा आणि वाटसरूंचा हक्क मानला जाई. त्याचे पैसे कोणी मागत नसे. कोल्हापुरी गुळाला सन २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ऊस कारखान्याकडे वळल्यामुळे गावोगावची गुऱ्हाळे मात्र विझत गेली. त्यांच्याबरोबर रताळे भाजण्याची ही जागाही गेली.

घरच्या स्वयंपाकात रताळ्याचे प्रकार पुष्कळ. उकडून कुस्करलेल्या रताळ्यात गूळ व कणीक मळून घाऱ्या करतात. किसून तुपात परततात आणि जिरे, मिरची व दाण्याचे कूट घालतात. दुधात शिजवून वेलदोडा घालून खीर करतात. पण आमच्या मते रताळ्याची खरी चव कळते ती मीठ घालून उकडलेल्या रताळ्यात. सोबत शेंगदाण्याची चटणी असली तर दुसरे काही लागत नाही.

मान परत मिळावा

अलीकडे शास्त्रज्ञांनी या उपेक्षित कंदाकडे पुन्हा लक्ष दिले आहे. केरळात तिरुअनंतपुरमजवळ सन १९६३ पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था काम करीत आहे. ‘भू सोना’ हा नारिंगी गराचा वाण आणि ‘भू कृष्णा’ हा जांभळ्या गराचा वाण तिने दिले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’ हा वाण दिला आहे. नारिंगी रताळ्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा मूलस्रोत भरपूर असतो. त्याचे साधारण १२५ ग्रॅम वजनाचे एक लहान रताळे शाळापूर्व वयाच्या बालकाची दिवसाची ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागवू शकते. आफ्रिकेत या रताळ्यांचा प्रसार करून बालकांचे अंधत्व व कुपोषण रोखण्यास हातभार लावल्याबद्दल मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या तीन संशोधकांना सन २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पिकांचे पोषणमूल्य वाढवण्याच्या कार्याबद्दल हॉवर्थ बुइस हेही त्यांच्याबरोबर मानकरी होते. ‘रताळ्या’ म्हणून कोणाला हिणवण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

या इतिहासातून आम्हांला आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. रताळे परके, मिरची परकी, शेंगदाणा परका. पण यांच्यावाचून मराठी ताटाची कल्पना आज कोणी करू शकेल काय? चारशे वर्षांत कागलच्या शेतकऱ्याने आपला घाम घालून त्यांना आपले केले आणि गृहिणीने त्यांना देवाधर्माच्या पंक्तीला बसवले. परके कोण आणि आपले कोण याचा वाद आजकाल जोरात असतो. मूळ गाव कोणते यापेक्षा या मातीत किती पिढ्या राबलात आणि कोणाच्या भुकेला उपयोगी पडलात, हा प्रश्न विचारला तर पुष्कळ वाद मिटतील. रताळ्याला तो प्रश्न विचारला, तर त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

आमची सूचना साधी आहे. ज्यांच्याकडे दोन-चार गुंठे हलकी जमीन किंवा परसात वाफ्याएवढी जागा आहे, त्यांनी यंदा एक सरी रताळ्याची लावावी. वेल शेजाऱ्याकडून मागून आणावा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शेजाऱ्याला द्यावा. हे पीक जगभर असेच गेले आहे. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मासळीच्या पैशांत रताळी घ्यावीत आणि उरलेली रक्कम भुकेल्यासाठी बाजूला ठेवावी. आणि मुलांना रताळे खाऊ घालताना ते कोठून आले, कोणत्या घाटाने चढले आणि कोणाकोणाच्या दुष्काळात कामास आले, हेही त्यांना सांगावे.